अकरा पेट्यांचा जपानी ड्रम

चामोर्शीत कोंबड्या लग्नाला जायच्या. पंगतीत वाढल्या जाण्यासाठी नव्हे, तर चांगल्या जिवंतपणी, स्वतःच्या पायांनी, वरातीच्या मागे मागे. ही गोष्ट मी एकदा पुण्याच्या एका लग्नात सांगितली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "आपण काय शिकवायचात?" म्हटलं, "गणित." ते म्हणाले, "अरेरे!" आणि पुन्हा चमचा उचलला.

मी वाढवून सांगणारा माणूस आहे, हे कबूल. दोनाचे चार करणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग होता. पण खोटं मी सांगत नाही. रहेमानभाईंच्या हातगाडीमागे चालणाऱ्या किमान चार कोंबड्या मी स्वतः मोजलेल्या आहेत. उरलेल्या तीस-पस्तीस धुळीमुळे दिसल्या नसतील.

रहेमानभाई म्हणजे पत्र्याचे कारागीर, आणि लग्नसराईत वरातीपुढं ड्रम वाजवणारे. नव्वदच्या दशकात माझी बदली चामोर्शीच्या शाळेत झाली आणि मला जी खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या दुकानासमोर. धानाच्या कोठ्या, लग्नात द्यायच्या पेट्या, पाणी तापवायचे बंब, सगळं ते बनवायचे. सकाळी सातला ठोकठोक सुरू व्हायची ती माझ्या झोपेच्या छाताडावर. पहिल्या आठवड्यात मी भांडायला गेलो. भाईंनी ऐकून घेतलं, हातोडीचा दांडा माझ्या हातातल्या पितळी तांब्यावर टण्णकन वाजवला, कान वाकडा केला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या लोट्याले बुडाशी चीर गेली. उद्या गळन." मी म्हटलं, नवा आहे. दुसऱ्या दिवशी लोटा गळला. मी भांडण मिटवलं.

हीच त्यांची खोड. दिसेल ती वस्तू वाजवून बघायची. नारळ, टरबूज, मडकं, सायकलचा मडगार्ड, कुणाची गच्च भरलेली पिशवी. एखाद्याचं टक्कल समोर आलं की त्यांचा हात मागे लपवताना मी पाहिलाय. वाजवायच्या आधी वस्तूला म्हणायचे, "बोल." आणि वस्तू बोलायची, हा भाग मी वाढवलेला नाही. शेतकऱ्याच्या घरी गेले की कोठीवर खालपासून वरपर्यंत बोटांच्या पेरांनी टकटक करत जायचे आणि एका जागी थांबून सांगायचे, "इथपर्यंत धान हाये." झाकण उघडून बघावं तर बरोब्बर तिथपर्यंत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "नजर फसते, कान नाई फसत." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

आता ड्रमची हकिगत.

त्यांच्या तरुणपणी चंद्रपूरकडं कोळसा खाणीच्या एका क्लबात एक गोवेकर बँडमास्टर होते. भाई त्यांना नुसतं 'मास्टर' म्हणत आणि म्हणताना कानाच्या पाळीला बोट लावत. मास्टर कायमचे गोव्याला निघाले, कुटुंब मोठं, सामान मोठं. त्यांनी भाईंकडून अकरा पेट्या बनवून घेतल्या. मोबदला म्हणून दिला क्लबातला चार ड्रमांचा जुना सेट : एक मोठा आडवा, दोन लहान आणि एक तीन पायांवर उभा राहणारा. वरचं चमकदार निळं आवरण जागोजागी उडालेलं, पाय वाकडे, आवळायचे स्क्रू आटे गेलेले. आणि चारही ड्रमांवर जिथं कंपनीच्या नावाचा बिल्ला असायला हवा, तिथं नुसतं करंगळी जाईल एवढं भोक.

मास्टर म्हणाले होते, "रहेमान, ये जपानी है. सस्ता है, मगर शरमाना नहीं."

भाईंनी तीन पायांच्या ड्रमवर एक टिचकी मारली, कान लावला आणि अकरा पेट्या देऊन टाकल्या. "मी कागद नाई पाह्यला, बिल्ला नाई पाह्यला," ते सांगायचे. "कानानं घेतला."

त्यांच्या बेगम, सकीनाभाभी, ही हकिगत अगदी थोडक्यात सांगायच्या : "अकरा पेट्या देल्ल्या अन् चार डबडे आनले." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी रोज म्हटलं असावं, आणि ईदच्या दिवशी दोनदा. त्याला कारणही होतं. बारावी पेटी त्यांची व्हायची होती. ती अकरांच्या गडबडीत राहिली ती राहिलीच. अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या ज्या माणसाच्या पेट्या घेऊन सासरी गेल्या, त्याच्या स्वतःच्या घरात भाभींचे कपडे गाठोड्यात!

पहिल्याच आठवड्यात तीन पायांच्या ड्रमचे स्क्रू वाजवता वाजवता उडाले. कुणी वाजवणारा असता तर नवे शोधत नागपूरला गेला असता. भाई पडले पत्र्याचे कारागीर. त्यांनी कोठीला लावतात तसा चहूबाजूंनी शिशाचा डाक लावला आणि ड्रम कायमचा झाळून टाकला. "आता हालन तं सांग," म्हणाले. अशी चूक जगात फक्त कोठ्या बनवणारा माणूसच करू शकतो. त्या दिवसापासून तो ड्रम उघडायची सोय उरली नाही.

आणि तोच ड्रम वाजायचा! काय वाजायचा म्हणता! हातगाडीवर सेट बांधलेला, मधे स्टुलावर भाई, दोन माणसं गाडी ढकलताहेत, पुढं सनई आणि पिपाण्या. भाईंची काठी त्या ड्रमवर पडली की आधी 'धम्म' व्हायचं, आणि मग त्या धम्मच्या पोटातून एक 'खस्स' निघायचा. धम्म-खस्स. नव्या नवरीनं जरीचं लुगडं सावरावं तसा. तो खस्स ऐकून सावली गावच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरून स्वतःच नाचायला लागला आणि घोडा एकटाच मांडवात गेला. मुलीकडच्यांनी घोड्याला ओवाळलं म्हणतात. मी ऐकलेलं सांगतो, ओवाळताना पाहिलेलं नाही.

लोक विचारायचे, "भाई, हे खस्स कायचं?"

"जपानी तब्येत हाये," भाई म्हणायचे. "त्यायच्या लाकडाची सवय हाये तशी."

गावात अशीही बोलवा होती की आत जपानी मशीन आहे.

या सगळ्याला एक माणूस हसायचा : डोमाजीभाऊ. गावाच्या टोकाला त्यांचं घर आणि धानाची शेती. भाईंचे जिवलग दोस्त, म्हणजे एका बिडीतले. भाईंचं घर पावसाळ्यात ओल धरायचं. लहान ड्रम आणि आडवा ड्रम कसेबसे माळ्यावर मावत, तीन पायांचा मावत नसे. तेव्हा ठरलं असं की मिरग लागला की तो ड्रम डोमाजीभाऊंच्या कोठीत धानात पुरायचा आणि दसरा झाला की काढायचा. धान ओल पिऊन घेतं. बदल्यात भाई त्यांची कोठी फुकट दुरुस्त करायचे. म्हणजे ड्रमनं वर्षातले चार महिने डोमाजीभाऊंचं धान पांघरायचं आणि डोमाजीभाऊंनी बाराही महिने त्या ड्रमला नावं ठेवायची.

"जपानी म्हने! बिल्ला कुठी हाये? ज्याच्या बापाचं नाव नाई तो जपानी."

"बिल्ला शिपायाले लागते भाऊ. ढोलाले कायले?"

"मंग उघडून दाखव. आत लिवलं असन."

इथं मात्र भाई विषय बदलायचे. कारण बाकीचे तीन ड्रम कातडं बदलताना कधी ना कधी उघडले गेले होते, आणि आत काहीही लिहिलेलं नव्हतं. कोरं लाकूड. एकदा दुपारी चहा पिताना ते मला म्हणाले, "मास्तर, तिघायले विचारलं, तिघं बी गप बसले. हा चवथा. हा बी गप बसला तं?"

"तर काय होईल?"

"तं मास्टर खोटा. अन् मास्टर खोटा तं माहा कान खोटा." त्यांनी कपबशी टिचकीनं वाजवली, उगीचच. "मंग या दुकानात बसून मी करू काय?"

मला त्या दिवशी कळलं, की ज्याला आम्ही थट्टा समजत होतो ती या माणसाच्या जिवाला लागलेली गोष्ट होती.

त्या शंकेवर सरकारी उतारा मिळाला तो असा. अहेरीकडच्या लग्नाला बँड निघाला होता, मीही सुट्टी होती म्हणून मेटॅडोरमध्ये घुसलो. वाटेत जंगलखात्याच्या नाक्यावर गाडी अडवली. एका उत्साही शिपायानं ताडपत्री वर केली आणि ड्रम पाहिले.

"हे लाकूड कोनतं?"

"जपानी," भाई म्हणाले.

"जपान? कोनत्या रेंजमधे येते?"

"रेंजमधे नाई येत साहेब. समुद्राच्या पल्याड येते."

"समुद्राच्या पल्याडची पास हाये का मंग?"

पास नव्हती. शिपायानं ड्रम उतरवून घेतले. पाऊण तासानं आतून एक म्हातारे वनपाल झोप झटकत आले. त्यांनी ड्रमचं आवरण उडालेल्या जागी नाक लावलं, नखानं लाकूड खरवडलं, बोट जिभेवर टेकवलं. "सागवान नाई," ते म्हणाले. "बीजा नाई. शिवन नाई. ऐन नाई. सालई तं नाईच नाई." मग मान वर करून, "चाळीस वर्षं झाली या जंगलात. हे आपल्याकडचं झाडच नाई."

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून पळाला असता. रहेमानभाई तिथंच ठाण मांडून बसले. "साहेब, हे लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"आत्ता म्हनले ते."

लग्न खोळंबलेलं, सनईवाला घामाघूम, आणि भाई हटायला तयार नाहीत. शेवटी वनपालांनी सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलं : 'सदर ढोलाचे लाकूड या जंगलातील नाही.' खाली सही. भाईंनी ते पाकीट काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावलं.

डोमाजीभाऊ बघायला आले. चौकटीतलं पाकीट दोनदा वाचलं आणि म्हणाले, "या जंगलातलं नाई म्हनजे जपानातलं झालं काय? माही सासू बी या जंगलातली नाई. ते का जपानी हाये?"

असं चालू होतं. आणि मग दोन हजार साल उलटल्यावरच्या एका एप्रिल महिन्यात केतन आला.

केतन नागपूरचा, ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारा, गावातल्या एका नवरदेवाचा आतेभाऊ. वरातीत सगळे नाचत होते आणि हा एकटा हातगाडीला कान लावून चालत होता. लोकांना वाटलं, उन्हानं भोवळ आली. वरात संपल्यावर तो भाईंसमोर येऊन चक्क खाली बसला.

"काका, हा तीन पायांचा ड्रम कुठला?"

"जपानी," भाई म्हणाले, सवयीनं, आणि सवयीनंच हसणाऱ्याची वाट पाहिली.

केतन हसला नाही. म्हणाला, "मला वाटलंच."

भाईंच्या हातातली काठी खाली पडली. हे मी वाढवत नाही, काठी मीच उचलून दिली.

मग केतननं जे सांगितलं ते आम्ही मांडवाच्या कनातीला टेकून ऐकलं. जुन्या काळी म्हणे जपानात असे ड्रम ढिगानं व्हायचे. एकाच कारखान्यातून निघायचे आणि ज्या देशातला जो दुकानदार मागेल तो बिल्ला त्यावर चिकटवायचा. म्हणून एकाच आईच्या लेकरांची शंभर नावं. तिकडच्या बेटांवरचं हलकं, तांबूस, मऊ लाकूड. तीन पदर चिकटवलेले, आतून वर-खाली एकेक कडं आधाराला. लोखंड अगदी फालतू, स्क्रू तर मुलांच्या खेळण्यातले. मोठे वाजवणारे नाक मुरडायचे : शिकाऊ पोरांचा माल, मोडला की फेका.

"आणि लोकांनी फेकलेच," केतन म्हणाला. "आता कुठं कळायला लागलंय, की ते मऊ लाकूड जुनं झालं की असं गोल आणि ऊबदार वाजतं. आता शोधत फिरतात. पण काका, जपानी ड्रम मी पुष्कळ ऐकले. हा खस्स मी कुठंच ऐकला नाही. मला आत बघायचंय."

डोमाजीभाऊ मागेच उभे होते. "हेच मी बावीस वर्षापासून सांगून राह्यलो! उघड म्हनाव!"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग ड्रमच्या डाकावरून बोट फिरवत म्हणाले, "परवा सकाळी या."

परवा सकाळी दुकानासमोर अख्खं चामोर्शी लोटलं. वर्ग सोडून मी आलो होतो आणि माझ्या आधी माझा वर्ग आला होता. भाईंनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. सकीनाभाभी दारात गाठोड्यावर बसल्या होत्या. डोमाजीभाऊंच्या घरून त्यांच्या पाठोपाठ कोंबड्याही आल्या होत्या, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

भाईंनी लोखंड तापवलं. स्वतःच लावलेला डाक स्वतःच वितळवायला सुरुवात केली. आठ जागा होत्या. प्रत्येक जागा सुटली की थांबायचे, कपाळ पुसायचे. सातवी सुटली तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचा. मले इंग्लिस नाई येत." येत होतं त्यांना तेवढं. आठवी सुटली. कडं निघालं. जुनं कातडं सोलून निघालं.

मी आत डोकं घातलं. अंधार, जळमटं, कुंभारमाशीचं घर. केतननं बॅटरी धरली. लाकडाच्या आतल्या बाजूला, वरच्या कड्याच्या किंचित खाली, जांभळ्या शाईचा एक ठसा होता. अर्धा पुसलेला, तिरपा, घाईत मारलेला. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोकं बाहेर काढून सभेत वाचतात तसं वाचलं : "मेड इन जपान!"

जो आरडाओरडा झाला तो मी सांगितला तर तुम्ही पुन्हा चमचे खाली ठेवाल. सनईवाल्यानं सनई फुंकली. सकीनाभाभींनी मला ते तीनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, "माह्या पेटीचं काई लिवलं काय त्यात?" पण डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. डोमाजीभाऊंनी भाईंना उचलून घेतलं, चक्क उचलून. "हरलो बा! हरलो!"

तेवढ्यात केतननं ड्रम झटकायला म्हणून उलटा केला.

आतून धान पडलं. मी दोन पायल्या म्हणतो, डोमाजीभाऊ दोन मुठी म्हणायचे. धान, पोचट दाणे, कोंडा. बावीस पावसाळे बिल्ल्याच्या भोकातून एकेक करून आत गेलेलं. पडलं रे पडलं, कोंबड्यांनी झडप घातली. तेव्हा माझ्या डोक्यात गणित सुटलं : हातगाडी हादरली की त्याच भोकातून दाणा दाणा सांडायचा, आणि म्हणून कोंबड्या वरातीला यायच्या! इतकी वर्षं शिकवूनही हे उदाहरण मला सुटलं नव्हतं.

सगळे ठशाकडं बघत होते. रहेमानभाई एकटे कोंबड्यांकडं बघत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

केतननं नागपूरहून आणवलेला प्लास्टिकचा नवा पडदा चढवला, नवे स्क्रू आवळले, आणि काठी भाईंच्या हातात दिली. भाईंनी मारली.

धम्म.

गोल, स्वच्छ, सुंदर. नुसता धम्म.

"खस्स कुठी गेला?" भाईंनी विचारलं.

"तो आतला कचरा होता काका," केतन आनंदानं म्हणाला. "आता खरा जपानी आवाज आला."

आणि मग ते डोमाजीभाऊंच्या ध्यानात आलं, नको तितक्या मोठ्यानं. "अरे, म्हनजे तो खस्स माह्या धानाचा! बावीस वर्षापासून वाजून तं मीच राह्यलो!"

सगळं गाव हसलं. भाई हसले नाहीत. काठी खाली ठेवली, दुकानात गेले आणि फळी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी एक वरात वाजवली त्यांनी, शब्द दिला होता म्हणून. चांगली वाजवली. मागे एकही कोंबडी नव्हती. गाडी नेहमीच्या घरांवरून गेली, कोंबड्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा उकिरडा उकरायला लागल्या. त्यानंतर आठ दिवस हातगाडी निघाली नाही. आलेली आमंत्रणं परत गेली. मी एकदा फळी ठोठावून आत गेलो.

"भाई, जिंकलात की तुम्ही. मास्टर खरा निघाला."

"मास्टर खरा हाये," ते म्हणाले. समोरच्या पत्र्यावर रेघ ओढत होते, वर पाहिलं नाही. "पन मास्तर, लोकायच्या कोठीतलं धान मी बाहेरून टकटक करून सांगतो. अन् माह्या ढोलात, माह्या मांडीशी, बावीस वर्षं धान वाजून राह्यलं अन् मले आयकू नाई आलं? मी म्हनलं, जपानी तब्येत हाये."

मी म्हटलं, "प्रेम असलं की ऐकू येत नाही."

"हे तुमचं गनित हाये काय?" त्यांनी विचारलं. पण रेघ ओढायचा हात थांबला होता.

आठ दिवस आतून ठोकठोक ऐकू येत होती. नवव्या दिवशी फळी उघडली आणि बाहेर आली ती पेटी. निळ्या रंगाची, पितळी कडीची, ड्रमच्याच रंगाची. भाभींच्या दारात ठेवून भाई म्हणाले, "बारावी." भाभींनी झाकणावर बोटांनी टकटक केलं, अगदी नवऱ्यासारखं, आणि म्हणाल्या, "बोलते."

मग भाईंनी ड्रम डोक्यावर घेतला आणि डोमाजीभाऊंच्या अंगणात आणून ठेवला.

"काढा धान," म्हणाले.

"कायले?"

"तुमचा वाजवनारा परत पाहिजे."

त्या दुपारी तिथं जे प्रयोग झाले तसे माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत कधी झाले नाहीत. ड्रम उघडायचा, आत काहीतरी टाकायचं, बंद करायचा, वाजवायचा. तूर टाकली तर खुळखुळा झाला. जवस टाकलं तर कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाजलं. मूग, मोहरी, वाळू, सगळं झालं. नुसतं भरलेलं धान टाकलं तर जड पडलं, बैल उठल्यासारखं. नुसता कोंडा टाकला तर काहीच नाही. भाई डोळे मिटून, कान खाली लावून, प्रत्येक वेळी मान हलवायचे, "नाई." मी वहीत लिहून घेत होतो. वहीवर विज्ञानाचं नाव घातलं होतं.

शेवटी डोमाजीभाऊंनी सुपात पाखडून बाजूला टाकलेलं पोचट धान आणलं. लुचई जातीचं, आत दाणाच न भरलेलं, ढोरंसुद्धा खात नाहीत असलं. भाईंनी एक मूठ टाकली. वाजवलं.

धम्म. खस्स.

भाईंनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा वाजवलं. मग म्हणाले, "हे हाये. सस्ता माल, अन् सस्त्या मालाच्या पोटात पोचट धान." आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसले, असे हसले की दाढी हलली.

"झाकून टाका मंग," डोमाजीभाऊ म्हणाले.

"थांबा." भाईंनी हात पसरला. "चांगल्या धानाची एक मूठ द्या. भरलेली."

"आता आवाज तं जमला! भरलेलं कायले?"

"आवाजासाठी नाई भाऊ. कोंबड्यायसाठी."

डोमाजीभाऊंनी एक नाही, दोन मुठी दिल्या. नवे स्क्रू चांगले होते, सगळे नीट आवळले गेले. तरी भाईंनी वरून डाक लावलाच. "आता हालन तं सांग," म्हणाले.

पुढं दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, मी सकाळच्या एस.टी.नं निघालो. गाव संपता संपता गाडी थांबली. समोर वरात. कंडक्टर खिडकीतून ओरडत होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि वरातीला त्याचं काही नव्हतं. मी खिडकीतून मान बाहेर काढली. हातगाडीवर स्टूल, स्टुलावर रहेमानभाई, दाढी पार पांढरी. त्यांनी मला पाहिलं. हात हलवला नाही, हात कामात होते. कान तेवढा माझ्या बाजूला वाकवला आणि तीन पायांच्या ड्रमवर दोनदा मारलं. धम्म-खस्स. धम्म-खस्स. मग वरात पांदीच्या वाटेनं वळली आणि एस.टी. हलली.

धूळ खाली बसली तेव्हा वाटेवर त्या दिसल्या, माना पुढं करून, घाईघाईनं, एकीमागे एक. गाडी वळेपर्यंत मी मोजल्या. नऊ. वाढवून नाही.